खतावणीत न उतरलेली नावे

मार्च २०२५ मध्ये मीरा रोडच्या हाटकेश भागात मीरा-भाईंदरकरिता दिवाणी व फौजदारी न्यायालय सुरू झाले. त्यापूर्वी धनादेश न वटल्याचा साधा खटला असला, तरी येथील व्यापाऱ्यास घोडबंदर रस्त्याने ठाणे गाठावे लागे आणि तारीख पुढे गेली की दुकानाचा अख्खा दिवस वाया जाई. न्यायालय दाराशी आल्याचा आनंद सर्वांना झाला, तो योग्यच होय. परंतु न्यायालय आले की त्याच्यामागून वकिलांची एक नवी पिढीही येते. आपल्या परिसरातील कितीतरी मुले-मुली बी.कॉम. झाल्यावर आता विधी महाविद्यालयाचा मार्ग धरीत आहेत. ज्या घरांत तीन पिढ्या केवळ हिशेबाच्या वह्या लिहिल्या गेल्या, त्या घरांत प्रथमच काळा कोट येत आहे.

या मुलांची खरी अडचण पदवीनंतर सुरू होते. वैद्यकीय पदवीधरास रुग्णालयात जागा मिळते, सनदी लेखापालाची उमेदवारी तर अभ्यासक्रमाचाच भाग असते. नव्या वकिलास मात्र कोणाच्या तरी चेंबरमध्ये एक खुर्ची मिळवावी लागते, आणि ती खुर्ची जाहिरात पाहून मिळत नाही. ती ओळखीने मिळते. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती अभय ओक यांनी वकिलीची सुरुवात ठाणे जिल्हा न्यायालयात आपल्या वडिलांच्या चेंबरमध्ये केली. ज्याचे वडील वकील नाहीत, त्याने जावे कोठे? भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून ज्युनियर वकिलास शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात किमान १५ हजार रुपये मासिक विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, सक्ती नाही. त्याच वर्षी ३० जुलैस सर्वोच्च न्यायालयाने सनद नोंदणीचे शुल्क कायद्यात लिहिले आहे तेवढेच, म्हणजे सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपये, घ्यावे असा निकाल दिला. तोवर काही राज्यांत ही रक्कम ४० हजारांच्या वर गेली होती. म्हणजे दारातील शुल्क कमी झाले, पण दाराच्या आत बसण्याची जागा अजून ओळखीवरच अवलंबून आहे.

ही ओळख घरातून मिळत नसेल, तर ती देण्याचे सामर्थ्य एकाच संस्थेकडे असते, ती म्हणजे ज्या महाविद्यालयातून मूल शिकले ते महाविद्यालय. तेथून आजवर हजारो वकील बाहेर पडलेले असतात. दुर्दैव असे की, बहुतेक विधी महाविद्यालयांना आपले ते हजारो विद्यार्थी आज कोठे आहेत याची माहिती नसते. मोठ्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत या कामासाठी स्वतंत्र विभाग असतो, पगारी माणसे असतात. आपल्याकडील संलग्न महाविद्यालयात हे काम एखाद्या प्राध्यापकाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून सोपविले जाते आणि नॅकची समिती येण्याच्या सुमारास त्याची आठवण होते. कारण नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा नोंदणीकृत संघ आहे काय आणि त्यांनी किती आर्थिक साहाय्य केले, हे विचारले जात आले आहे. मग घाईने एक मेळावा भरतो, पन्नासएक जण येतात, छायाचित्रे निघतात, अल्पोपाहार होतो. पुढील मूल्यांकनापर्यंत सामसूम.

बँकेत सलग दोन वर्षे व्यवहार न झालेले खाते निष्क्रिय ठरते आणि दहा वर्षांनी त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. अशा खात्यांचा माग काढण्याचे काम मी नोकरीत पुष्कळ केले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली : ग्राहक आपणहून पत्ता बदलून देत नाही. पत्ता बदलल्याचे कळविण्याइतके त्यास काही कारण असावे लागते. हे कारण निर्माण करणे हेच खरे काम. बाकीचे सोपे आहे.

साधनांची चणचण ही विधी शिक्षणात नवी गोष्ट नाही. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय हे आशियातील सर्वांत जुने विधी महाविद्यालय मानले जाते. त्याचा आरंभ १८५५ चा आणि तोही लोकवर्गणीतून. मुंबईच्या तत्कालीन सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी १८५२ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या सन्मानार्थ नागरिकांनी निधी उभारला. त्यातून न्यायशास्त्राचे पेरी प्राध्यापकपद निर्माण झाले आणि कायद्याचे पद्धतशीर अध्यापन सुरू झाले. पुतळा उभारण्याऐवजी एक अध्यापकपद उभारावे हा त्या पिढीचा विवेक मला फार मोलाचा वाटतो. १९३५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, तेव्हा हेच पेरी प्राध्यापकपद त्यांच्याकडे आले. १९३६ मध्ये महाविद्यालयाच्याच नियतकालिकात त्यांनी मुंबई प्रांतातील विधी शिक्षणाच्या सुधारणेविषयी सविस्तर लेख लिहिला. ज्या नियतकालिकास आज आपण केवळ वार्षिक उपचार समजतो, त्याचा एका प्राचार्याने केलेला हा उपयोग लक्षात घेण्यासारखा आहे.

या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची नावे सांगू लागलो तर जागा पुरणार नाही. लोकमान्य टिळक, देशाचे पहिले महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड, नानी पालखीवाला, फली नरिमन, सोली सोराबजी, सरन्यायाधीशपदी पोहोचलेले एस. एच. कपाडिया आणि उदय लळीत. शासकीय संस्था असल्यामुळे शुल्क अल्प, त्यामुळे गरिबांच्या मुलांनाही दार उघडे. पण त्याच कारणाने खर्चास हात आखडता. मग ही संस्था टिकली कशी? त्याचे बरेच श्रेय वकिली करता करता शिकविणाऱ्यांना द्यावे लागेल. सकाळी वर्ग घ्यायचा आणि अकराच्या सुमारास न्यायालयात उभे राहायचे, हा मुंबईचा जुना क्रम. पालखीवाला येथे शिकले आणि येथेच काही काळ शिकवूनही गेले. पुढे सरन्यायाधीश झालेले यशवंतराव चंद्रचूड हे पुण्याच्या आयएलएसचे विद्यार्थी. त्यांनीही १९४९ ते १९५२ या काळात येथे अंशकालीन अध्यापन केले. त्या काळी याला कोणी ‘माजी विद्यार्थी संपर्क’ म्हणत नसे, पण नात्याचे याहून सकस रूप दुसरे नाही. विद्यार्थी आपला शिक्षक न्यायालयात पाहत आणि शिक्षकास आपला भावी ज्युनियर वर्गातच सापडे. खुर्चीचा प्रश्न तेथल्या तेथे सुटे.

बाबासाहेबांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ विधी महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झाले. अशा महाविद्यालयांत दिवसा नोकरी करून शिकणाऱ्यांच्या पिढ्या घडल्या. बँकेत असताना मालमत्तेच्या हक्काचा शोध घेणारे, कर्जवसुली न्यायाधिकरणात बँकेची बाजू मांडणारे अनेक वकील माझ्या परिचयाचे झाले. त्यांतील पुष्कळजण असल्याच साध्या, भाड्याच्या खोल्यांत भरणाऱ्या महाविद्यालयांचे विद्यार्थी. तीस वर्षे जुन्या दस्तऐवजातील एक गहाळ सही ते नेमकी हेरीत. त्यांच्यापैकी कोणाचेही नाव त्यांच्या महाविद्यालयाच्या भिंतीवरील फलकावर नसेल. फलकावर न्यायमूर्ती आणि मंत्री असतात.

आणि येथेच विधी महाविद्यालयाची एक अडचण आहे, जी वाणिज्य किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयास भेडसावत नाही. विधी महाविद्यालयाचे जे माजी विद्यार्थी सर्वांत कीर्तिमान, त्यांच्याकडे मदत मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये न्यायाधीशांच्या आचरणाची जी मूल्ये स्वीकारली, त्यांत न्यायाधीशाने कोणत्याही कारणासाठी निधी मागू नये, स्वीकारू नये अथवा निधी उभारणीत सक्रिय सहभाग घेऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. वकिलांच्या बाबतीतही मर्यादा आहे. विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार वकिलास स्वतःची जाहिरात करता येत नाही. म्हणून महाविद्यालयाच्या वार्तापत्रात ‘आमचे यशस्वी माजी विद्यार्थी, करविषयक प्रकरणांचे तज्ज्ञ, संपर्क साधा’ अशा थाटाचा मजकूर छापला, तर ज्याचा गौरव करावयाचा त्यालाच अडचणीत आणण्यासारखे होईल. कोणती पदवी, कोणते वर्ष, कोणते न्यायालय, एवढी साधी नोंद पुरे. कौतुकाची विशेषणे आवरती घ्यावीत. ती कायद्यासही मानवतात आणि वाचकासही.

तेव्हा मागावे काय आणि कोणाकडे?

अमेरिकेतील एक उदाहरण येथे सांगतो. हार्वर्ड विधी महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ १८८६ मध्ये स्थापन झाला. त्यात पुढाकार होता लुई ब्रँडाइस या तरुण वकिलाचा आणि त्याने संघाचे चिटणीसपद पत्करले. अध्यक्षपद मोठ्या नावास देता येते, चिटणीसास पत्रे लिहावी लागतात. पुढे १९१६ मध्ये ब्रँडाइस अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. तेथे असताना त्यांचे लक्ष आपल्या जन्मगावाकडे, लुईव्हिलकडे वळले. तेथील विधी महाविद्यालय लहान आणि साधनांनी तोकडे. ते काही तेथे शिकले नव्हते. पण त्यांनी स्वतःची कागदपत्रे आणि पुस्तके त्यास दिली आणि सर्वोच्च न्यायालयात दाखल होणाऱ्या लेखी युक्तिवादांच्या प्रती तेथील ग्रंथालयास मिळत राहतील अशी व्यवस्था लावली. त्या प्रती कोठेतरी जायच्याच होत्या. त्या एका छोट्या महाविद्यालयात गेल्या, म्हणून त्याचे ग्रंथालय अभ्यासकांना ठाऊक झाले. आज ते महाविद्यालय ब्रँडाइस यांचेच नाव धारण करते.

हे आपल्याकडे सहज होण्यासारखे आहे. एखादे वयस्क वकील निवर्तले की त्यांच्या चेंबरमधील ऑल इंडिया रिपोर्टरचे बांधीव खंड महाविद्यालयास देण्याची कुटुंबीयांची इच्छा असते. इच्छा चांगली, पण ते निवाडे आता संगणकावर उपलब्ध आहेत आणि लहान महाविद्यालयात कपाटांनाच जागा नसते. त्याऐवजी निकाली निघालेल्या चार-दोन प्रकरणांचे संपूर्ण कागद द्यावेत : दावा, कैफियत, मुद्दे, उलटतपासणी, निकाल. पक्षकारांची नावे व ओळख पुसून, त्यांची संमती घेऊन. विधी अभ्यासक्रमात मसुदालेखनाचा स्वतंत्र विषय आहे. तो बहुधा पुस्तकातील नमुन्यांवर शिकविला जातो. भाईंदरच्या एखाद्या गाळ्याच्या भाडेवादातील खरी कैफियत वाचून विद्यार्थी जे शिकेल, ते नमुन्यावरून शिकणार नाही. देणाऱ्यास यासाठी झेरॉक्सचा खर्च येतो, इतकेच.

पैशाचा प्रश्न मी टाळणार नाही, कारण आयुष्यभर तेच काम केले. माजी विद्यार्थी संघ स्थापावयाचा तर सात सभासद पुरतात; संस्था नोंदणी कायदा १८६० चा आहे आणि महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद करावी लागते. संघाचे बँक खाते महाविद्यालयाच्या खात्यापासून निराळे असावे. येणाऱ्या रकमेतील कायम निधी आणि चालू खर्च यांची सरमिसळ होऊ देऊ नये. पाच लाखांचा कायम निधी सात टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवला असे धरले, तर वर्षास ३५ हजार रुपये मिळतील. त्यातून इमारत उभी राहणार नाही आणि संपर्काच्या कामास पूर्ण वेळ माणूसही ठेवता येणार नाही. पण तेवढ्यात आठ-दहा गरजू पदवीधरांचे अखिल भारतीय वकिली परीक्षेचे आणि सनदेचे शुल्क भरता येईल. ज्यांचे शुल्क भरले, ते पुढील काही वर्षांत स्वतः सभासद होण्याची शक्यता सर्वांत अधिक. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात ज्येष्ठ करविधिज्ञ डी. एम. हरीश यांच्या स्मरणार्थ आंतरराष्ट्रीय अभिरूप न्यायालय स्पर्धा होते. त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी लागली असती तर ती लोकांनी एकदा वाचली असती. स्पर्धेमुळे ते नाव दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांच्या तोंडी येते. देणगीदारांनी आणि विश्वस्तांनी दोघांनीही विचार करावा असा हा भेद आहे.

देणगी घेतली की पोच, वर्षअखेरीस करसवलतीचे प्रमाणपत्र आणि रक्कम कशावर खर्च झाली याचे एक पान, या तीन गोष्टी देणगीदारास मागावयास न लावता गेल्या पाहिजेत. दोन हजारांवरील रोख देणगीस करसवलत नाही, हे मेळाव्याच्या टेबलावर बसणाऱ्या स्वयंसेवकास ठाऊक असावे. व्यापारी कुटुंबातील माणूस रक्कम मोठी की लहान याचा विचार नंतर करतो. हिशेब स्वच्छ आहे काय हे आधी पाहतो. त्यात गैर काहीच नाही.

आता पत्त्यांकडे वळू. गरीब महाविद्यालयापाशी एक संग्रह असतो, ज्याकडे त्याचे लक्षच नसते : विद्यार्थ्यांची न नेलेली अनामत. प्रवेशाच्या वेळी ग्रंथालयासाठी भरलेली ही लहानशी रक्कम, पदवी हाती आल्यावर परत घेण्यास अनेकजण फिरकत नाहीत. तिची नोंद लेखा विभागात वर्षानुवर्षे नावानिशी पुढे ओढली जाते. ही रक्कम म्हणजे पत्रव्यवहाराचे उत्तम निमित्त होय. ‘आपली इतके रुपये अनामत आमच्याकडे जमा आहे, ती परत पाठवावी की ग्रंथालयास द्यावी, कृपया कळवावे.’ मदतीची याचना करणाऱ्या पत्रास जेवढी उत्तरे येतील, त्याच्या अनेकपट उत्तरे या पत्रास येतील असे मला निश्चित वाटते. कारण येथे महाविद्यालय मागत नाही, देऊ करीत आहे. उत्तरासोबत नवा पत्ता, दूरध्वनी, व्यवसाय सारे येते. साधे पोस्टकार्ड कित्येक वर्षे ५० पैशांनाच मिळत आले आहे, तेव्हा तीन हजार विद्यार्थ्यांना हाताने लिहिलेली कार्डे पाठविली तरी टपालखर्च दीड हजार रुपये. लिहिण्याचे काम वर्गातील मुलांनी वाटून घ्यावे. पंचवीस वर्षांपूर्वीच्या पत्त्यावरची निम्मी कार्डे परत येतील, तरी चिंता नाही. कोणती नावे आता अन्य मार्गाने, वकील संघाकडून किंवा वर्गमित्रांकडून शोधावयाची, हे त्यामुळे निश्चित होते.

मिळालेली माहिती वर्षवार ठेवण्याची पद्धत आहे. माझ्या मते ती न्यायालयवार ठेवावी. ठाणे, वसई, हाटकेश, बोरिवली, उच्च न्यायालय. तसेच आयकर अपील न्यायाधिकरण, महारेरा, कंपनी न्यायाधिकरण, वस्तू व सेवा कराची अपिले. अंतिम वर्षाच्या विद्यार्थिनीने ‘मी मीरा रोडला राहते, मला फौजदारी काम शिकायचे आहे’ असे सांगितले की कार्यालयाने त्या यादीतून तीन नावे काढून, त्या तिघांना आधी विचारून, मग तिला द्यावीत. आधी विचारून हे महत्त्वाचे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीवर आधारलेला आहे, आणि कायदा शिकविणाऱ्या संस्थेने माजी विद्यार्थ्यांचे क्रमांक कोणत्याही व्हॉट्सअ‍ॅप समूहात परस्पर टाकावेत हे शोभणारे नाही. मुलींच्या बाबतीत तर उलट बाजूची खातरजमाही हवी : चेंबर कोठे आहे, किती वाजेपर्यंत काम चालते, आणखी कोण बसते. पालक हे विचारण्यास संकोचतात. महाविद्यालयाने संकोचू नये.

राहिला एक वर्ग, ज्याचे नाव कोणत्याच यादीत नसते. आपल्या वाचकांत असे अनेकजण असतील, ज्यांनी सकाळच्या वर्गांना जाऊन एलएल.बी. केले आणि दहा वाजता पेढीवर येऊन बसले. सनद घेतली नाही अथवा घेऊन कपाटात ठेवली. ते स्वतःस ‘माजी विद्यार्थी’ समजतच नाहीत, कारण वकिली केली नाही. वास्तविक महाविद्यालयास त्यांचीच गरज अधिक आहे. न्यायाधीशास निधी मागता येत नाही, वकिलास जाहिरात करता येत नाही. व्यापाऱ्यावर असे कोणतेही बंधन नाही. संघाचा खजिनदार होणे, ठेवींचे नूतनीकरण वेळेवर करणे, हिशेब तपासून घेणे, ही कामे तो झोपेतही करील. शिवाय ज्युनियरला काम लागते आणि काम पक्षकाराकडून येते. आपल्या थकबाकीच्या दाव्यात, भाडेकरारात, गृहनिर्माण संस्थेच्या तंट्यात आपण ज्या ज्येष्ठ वकिलांकडे जातो, त्यांना ‘या मुलास सोबत घ्याल काय?’ असे विचारण्याचा अधिकार शुल्क देणाऱ्यास निश्चितच आहे.

ज्यांच्या घरी अशी पदवी असेल, त्यांनी आपल्या महाविद्यालयास पत्र लिहावे. पूर्ण नाव, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, हजेरी क्रमांक आठवत असल्यास तो, सध्याचा पत्ता, व्यवसाय आणि आठवड्यातून किती वेळ देता येईल, एवढेच त्यात असावे. विवाहानंतर नाव बदललेल्या भगिनींनी गुणपत्रिकेवरील नाव अवश्य लिहावे, अन्यथा जुन्या नोंदवहीत शोध लागत नाही. जून ते ऑगस्ट प्रवेशाची धांदल असते, तेव्हा पत्र गणेशोत्सवानंतर पाठविलेले बरे; आणि महिनाभरात पोच न आल्यास एकदा स्वतः जाऊन ग्रंथपालांना भेटावे. प्राचार्य बदलतात, ग्रंथपाल सहसा तेच असतात.